वेब पुश: सर्व्हर म्हणतो ‘पाठवलं’, फोनवर मात्र काहीच येत नाही

तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत येते: “सुरुवातीला नोटिफिकेशन्स येत होती, मग आपोआप बंद झाली.” डॅशबोर्ड उघडला तर तिथे सगळं आलबेल दिसतं. यादीतली माणसं वाढताहेत, प्रत्येक संदेशापुढे ‘यशस्वी’ लिहिलेलं आहे. मग त्या एका माणसाला परवानगी पुन्हा द्यायला लावली जाते, त्याचं सुरू होतं आणि विषय मिटतो. थोड्या दिवसांनी तीच तक्रार दुसऱ्या कोणाकडून येते.

मी दादर-परळ भागातल्या लहान संस्थांच्या साइट्स सांभाळते. त्यात नाट्यप्रयोगांचं वेळापत्रक आहे, एक वाचनालय आहे, काही सोसायट्यांची सूचनापानं आहेत. या कोणालाच स्वतःचं ॲप परवडणारं नाही आणि त्याची गरजही नाही. ‘आज दुपारचा प्रयोग रद्द’ किंवा ‘उद्या सकाळी पाणी येणार नाही’ एवढंच वेळेवर पोचवायचं असतं, आणि त्यासाठी वेब पुश, म्हणजे ॲपशिवाय ब्राउझरमधून येणारी नोटिफिकेशन्स, अगदी योग्य आहे. पण वेळेवर पोचला नाही तर त्या संदेशाचा काही उपयोग नाही. भर पावसात हिंदमाताला पाणी साचलेलं असताना बोरिवलीहून निघालेल्या आजी-आजोबांना दादरला उतरल्यावर प्रयोग रद्द झाल्याचं कळतं, तेव्हा लॉगमधल्या ‘यशस्वी’ला काय अर्थ राहतो? म्हणून हे दुखणं वरवर मलम लावून सोडून देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मूळ दुखणं

परवानगी मिळाली की ब्राउझर आपल्या कंपनीच्या पुश सर्व्हिसकडून एक पत्ता घेतो. क्रोमसाठी ती सर्व्हिस गूगलची, फायरफॉक्ससाठी मोझिलाची, सफारीसाठी ॲपलची. तो पत्ता म्हणजे एंडपॉइंट, आणि त्याच्यासोबत एन्क्रिप्शनच्या दोन किल्ल्या. हे सगळं मिळून सबस्क्रिप्शन होतं. आपण डेटाबेसमध्ये ठेवतो ती त्याची नक्कल. अस्सल प्रत वाचकाच्या ब्राउझरमध्ये असते. वाचकाने साइट डेटा साफ केला, फोन रीसेट केला, ब्राउझर काढून पुन्हा टाकला, परवानगी बंद केली, की अस्सल प्रत गेली. नक्कल आपल्या टेबलात जशीच्या तशी पडून राहते. शिवाय बरेच दिवस न उघडलेल्या साइटची परवानगी क्रोम स्वतःहूनही काढून घेऊ शकतो.

म्हणजे सबस्क्रिप्शन नाशवंत आहे. एकदा घेतलं की कायमचं झालं, असं धरून लिहिलेली व्यवस्था पहिल्या दिवशी उत्तम चालते आणि दिवसेंदिवस पोकळ होत जाते. तक्रार परत परत येते ती यामुळे.

त्यात पुश सर्व्हिसकडून येणाऱ्या २०१ या उत्तराचा (सर्व्हरच्या ठरलेल्या आकडी उत्तरांपैकी एक) गैरसमज भर घालतो. वेब पुशचं प्रमाणक, म्हणजे आरएफसी ८०३०, डिसेंबर २०१६मध्ये आलं. त्यानुसार २०१चा अर्थ एवढाच, की पुश सर्व्हिसने संदेश ताब्यात घेतला. फोनवर पोचला की नाही, स्क्रीनवर दिसला की नाही, याबद्दल त्यात अक्षरही नसतं. डॅशबोर्डवर ‘पोचले’ लिहिलं असेल आणि तो आकडा २०१ मोजून काढलेला असेल, तर तो शब्द आधी बदलून ‘स्वीकारले’ करा. संस्थेच्या माणसांना रोज चुकीची माहिती दाखवणं बरं नाही.

आधी कुठे तुटलंय ते शोधा

बहुतेक जण तडक सर्व्हरच्या कोडमध्ये शिरतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. फोनच्या टोकापासून मागे येत गेलात तर निम्मा वेळ वाचतो.

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘ॲप्लिकेशन’ पॅनेल उघडा, तिथे ‘सर्व्हिस वर्कर्स’. सर्व्हिस वर्कर म्हणजे साइटची छोटी स्क्रिप्ट, पान बंद असलं तरी पुश घेऊन नोटिफिकेशन दाखवते ती. त्यात ‘पुश’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की सर्व्हर, एंडपॉइंट, किल्ल्या या कशालाही हात न लावता थेट वर्करला पुश मिळतो. मात्र बटणाशेजारच्या चौकटीत आधीपासून असतो तो साधा मजकूर. तुमचा वर्कर जेसन (डेटा लिहिण्याची ठरलेली पद्धत) वाचत असेल तर तो तिथेच अडखळेल आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसाल, तेव्हा आपल्या नेहमीच्या पेलोडसारखा (पुशसोबत जाणाऱ्या मजकुरासारखा) जेसन टाकूनच बटण दाबा. नोटिफिकेशन दिसलं तर वर्कर ठीक आहे, बिघाड त्याच्या आधीच्या टप्प्यात कुठेतरी आहे. नाही दिसलं आणि कन्सोलमध्ये (टूल्समध्ये चुका दिसतात त्या जागी) चूकही नाही, तर ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळा. विंडोजमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असेल, मॅकच्या सेटिंग्जमध्ये ब्राउझरचीच नोटिफिकेशन्स बंद असतील. ॲन्ड्रॉइड १३पासून, म्हणजे २०२२पासून, खुद्द ब्राउझरलाही नोटिफिकेशनची वेगळी परवानगी लागते. आणि ॲन्ड्रॉइड ८पासून क्रोम प्रत्येक साइटला स्वतंत्र चॅनल, म्हणजे नोटिफिकेशनचा वेगळा कप्पा, देतो. वाचकाने कधीतरी नोटिफिकेशन दाबून धरून ‘सायलेंट’ केलेलं असतं आणि ते त्याच्या लक्षातही नसतं.

त्याच पॅनेलमध्ये ‘बॅकग्राउंड सर्व्हिसेस’खाली ‘पुश मेसेजिंग’ आहे. तिथे रेकॉर्डिंग सुरू करून ठेवलं की टूल्स बंद असली तरी ३ दिवस नोंदी होत राहतात. ‘कधी येतं, कधी येत नाही’ अशा तक्रारींसाठी यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही. ॲन्ड्रॉइड फोन असेल तर केबल लावून कॉम्प्युटरवरच्या क्रोममधून हीच टूल्स फोनवरच्या पानासाठी उघडता येतात.

हिरवी खूण, पण सबस्क्रिप्शन गायब

एक प्रसंग जवळून सांगते, कारण असे प्रकार सर्वांत जास्त असतात आणि सर्वांत उशिरा सापडतात.

गिरगावातल्या एका काकू नाटकांच्या नियमित प्रेक्षक. त्यांना सूचना येईनाशा झाल्या. मी म्हटलं, “काकू, परवानगी बंद झाली असेल, बघता का?” तर त्या म्हणाल्या, “अगं, तुमच्याच पानावर हिरवी खूण आहे, ‘सूचना चालू आहेत’ असं लिहिलंय.” फोन केबलला लावला. खरंच, परवानगी ‘अलाउड’ होती. पण कन्सोलमध्ये सबस्क्रिप्शन विचारलं तर उत्तर आलं ‘नल’, म्हणजे काहीच नाही. भाच्याने फोनमध्ये जागा करताना क्रोमचा साइट डेटा साफ केला होता. त्यात सर्व्हिस वर्कर गेला, त्याच्याबरोबर सबस्क्रिप्शन गेलं. परवानगी मात्र वेगळ्या कप्प्यात असते, ती राहिली. पानावरची खूण फक्त परवानगी तपासत होती.

इकडे सर्व्हरच्या लॉगमध्ये त्यांच्या एंडपॉइंटसाठी प्रत्येक वेळी ४१०, म्हणजे ‘हा पत्ता आता नाही’, येत होता. स्क्रिप्ट मात्र पाठवलेल्यांची एकूण संख्या मोजून मोकळी होत होती.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही एकदम करायचे. पहिला ब्राउझरमध्ये: परवानगी असलेल्या माणसाने साइट उघडली की प्रत्येक वेळी गेटसबस्क्रिप्शनने ब्राउझरकडे सध्याचं सबस्क्रिप्शन विचारा. काही मिळालं नाही तर पुन्हा सबस्क्राइब करा. परवानगी आधीच आहे, त्यामुळे वाचकाला काहीही विचारलं जात नाही. मिळालं तर ते सर्व्हरला पाठवा आणि त्या नोंदीवर ‘शेवटचं पाहिलं’ ही तारीख टाका. खूण दाखवायची ती सर्व्हरने होकार दिल्यावरच. सबस्क्रिप्शन बदलल्याचं कळवणारा पुशसबस्क्रिप्शनचेंज नावाचा इव्हेंट आहे, तो जरूर हाताळा. पण सगळे ब्राउझर तो सारख्या इमानाने देत नाहीत, म्हणून भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

दुसरा उपाय सर्व्हरवर: ४०४ किंवा ४१० आला की ती नोंद लगेच काढा. पुन्हा प्रयत्न करण्यात काही अर्थ नाही, तो पत्ता परत जिवंत होत नाही. ४२९ (फार वेगाने पाठवताय) आला तर वेग कमी करा आणि उत्तरासोबत आलेला ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर सांगेल तेवढं थांबा. ५००च्या घरातले आकडे आले तर थोड्या वेळाने पुन्हा पाठवा.

४०१ आणि ४०३ मात्र वेगळ्या जातीचे. तिथे वाचकाच्या सबस्क्रिप्शनमध्ये काही खोट नसते, बहुधा आपल्या व्हॅपिड कीमध्ये (आपल्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्लीत) गडबड असते. ‘एरर आला की नोंद पुसा’ असा सरसकट नियम लिहून ठेवला असेल, तर की चुकल्याच्या एका संध्याकाळी अख्खी यादी धुऊन निघेल. तो नियम आजच बदला.

व्हॅपिड की आणि साडेपाच तास

सबस्क्रिप्शन ज्या सार्वजनिक कीने घेतलं, त्याच जोडीतल्या खासगी कीने प्रत्येक पुशवर सही व्हावी लागते. होस्टिंग बदलताना की मागेच राहिली, किंवा डिप्लॉय होताना (नवा कोड सर्व्हरवर चढताना) दर वेळी नवी जोडी तयार झाली, तर जुनी सगळी सबस्क्रिप्शन्स त्या क्षणी निरुपयोगी होतात. जुनी की कुठे मिळाली तर तीच परत लावा. नाहीच मिळाली तर पानावर सध्याच्या सबस्क्रिप्शनची की तपासून, जुळत नसेल तर अनसबस्क्राइब करून नव्याने घ्यावं लागतं. जुनं न सोडता नव्या कीने मागितलं तर ब्राउझर इनव्हॅलिडस्टेट एरर देतो.

दुसरी भानगड वेळेची. सहीच्या टोकनमध्ये, म्हणजे प्रत्येक पुशसोबत जाणाऱ्या ओळखपत्रात, मुदत असते आणि ती २४ तासांहून पुढची चालत नाही. काही जण भारतीय वेळ घेतात, ती यूटीसी (भारतीय वेळेहून साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) समजून त्यात २४ तास मिळवतात. मग मुदत होते साडेएकोणतीस तासांची, आणि पुश सर्व्हिस टोकन नाकारते. मुदत १२ तासांची ठेवा, वेळ यूटीसीतच मोजा आणि सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या सोयीने) जुळवून ठेवा. फक्त आयफोनवालेच वगळले जात असतील तर टोकनमधला संपर्काचा ईमेल तपासा. तिथे लोकलहोस्टचा (स्वतःच्याच कॉम्प्युटरचा) नमुना पत्ता राहिला असेल तर ॲपलची सर्व्हिस टोकन परत पाठवते.

आणि कोड फार जुना असेल, गूगलच्या जुन्या सर्व्हर कीवर चालणारा, तर तिथे दुरुस्तीला वावच नाही. ती पद्धत २०२४मध्ये बंद झाली. व्हॅपिडवर या.

पुश आला, पण दिसलं काहीतरी भलतंच

वाचकाला संदेशाऐवजी ‘ही साइट बॅकग्राउंडमध्ये अपडेट झाली’ अशा अर्थाची ओळ दिसत असेल, तर वर्करला पुश मिळाला पण त्याने नोटिफिकेशन दाखवलं नाही. क्रोम तेव्हा स्वतःची ओळ दाखवतो. सफारी याहून कडक आहे, ती परवानगीच काढून घेते. फायरफॉक्स न दाखवलेल्या पुशचा कोटा ठेवतो आणि तो संपला की पुश थांबवतो.

कारण बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं. एक म्हणजे, नोटिफिकेशन दाखवण्याचं काम वेटअनटिलमध्ये (‘हे पुरं होईपर्यंत थांब’ असं ब्राउझरला सांगणाऱ्या सूचनेत) गुंडाळलेलं नसतं आणि ते पुरं होण्याआधीच ब्राउझर वर्करला झोपवतो. दुसरं जास्त मुंबईकर आहे: पुशमध्ये फक्त क्रमांक पाठवायचा आणि वर्करने सर्व्हरकडून मजकूर आणायचा, अशी रचना. ऑफिसच्या वायफायवर हे छान चालतं. लोकलमध्ये रेंज येते-जाते. पुश मिळतो, पुढची मागणी अडकते, दाखवायला काही उरत नाही. मजकूर पेलोडमध्येच पाठवा. काही बिघडलंच तर दाखवायला एक साधी ओळ वर्करमध्ये तयार ठेवा.

वर्कर बदलूनही जुनंच वागत असेल तर सीडीएन (साइटच्या फाइलींच्या प्रती ठेवून वाटणारी सेवा) बघा. ब्राउझर वर्करची मुख्य फाइल तपासताना स्वतःचा कॅशे (साठवून ठेवलेली प्रत) सहसा बाजूला ठेवतो, पण सीडीएनने जुनीच प्रत दिली तर तो काय करणार? त्या एका फाइलला कॅशेतून वगळा. ती फाइल साइटच्या मुळाशीच ठेवा, आतल्या फोल्डरमध्ये ठेवली तर तिची हद्द तेवढ्या फोल्डरपुरती राहते.

किती वेळ जिवंत ठेवायचं

इथे थोडं थांबते, कारण टीटीएलकडे फार थोडे लोक लक्ष देतात आणि यादी झिजण्याचं ते मोठं कारण आहे.

टीटीएल म्हणजे फोन बंद किंवा ऑफलाइन असेल तर पुश सर्व्हिसने संदेश किती सेकंद सांभाळायचा. गूगलच्या सर्व्हिसची कमाल मर्यादा ४ आठवडे, म्हणजे २४,१९,२०० सेकंद. नोड आणि पीएचपीच्या प्रचलित लायब्ररी काही न सांगितल्यास हाच आकडा लावतात. पायथनची पायवेबपुश लावते शून्य, म्हणजे त्या क्षणी फोन जोडलेला नसेल तर संदेश टाकून दिला. दोन्ही टोकं आपल्या कामाची नाहीत.

रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना घ्या. शनिवारी संध्याकाळी पाठवली, टीटीएल ४ आठवडे. बीकेसीतल्या ऑफिसमधला कॉम्प्युटर शुक्रवारी बंद झालेला आहे. डेस्कटॉपवर क्रोम चालू असल्याशिवाय त्याला पुश मिळत नाही. सोमवारी सकाळी क्रोम उघडताच मेगाब्लॉक, रद्द झालेला प्रयोग, शनिवारची पाण्याची वेळ, सगळं एकापाठोपाठ धाडधाड येतं. समोरचा माणूस वैतागून ‘ब्लॉक’ दाबतो. पुढच्या वेळी त्याचा ४१० येतो आणि आपण म्हणतो, लोक सबस्क्रिप्शन का सोडतात कळत नाही.

दुपारी १ वाजता कळवायचं आहे की ४चा प्रयोग रद्द, तर टीटीएल ३ तास, १०,८०० सेकंद. सोबत ‘अर्जन्सी’ हेडर ‘हाय’ ठेवा. खिशात पडून असलेला ॲन्ड्रॉइड फोन डोझमध्ये (बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत) जातो आणि साधे संदेश तो सवडीने घेतो. पण वाचनालयात नवीन पुस्तकं आल्याच्या सूचनेलाही ‘हाय’ लावू नका, लोकांची बॅटरी त्यात जाते. आधी ‘प्रयोग अर्धा तास उशिरा’ आणि मग ‘प्रयोग रद्द’ असे दोन संदेश निघणार असतील, तर दोघांना एकच ‘टॉपिक’ द्या. वाटेत अडकलेला पहिला संदेश दुसऱ्याने बदलला जातो. पडद्यावर आलेला बदलायचा असेल तर नोटिफिकेशनचा ‘टॅग’ तोच ठेवा.

मराठी मजकुराचं वजन

इंग्रजी संदेश जातो, मराठी जात नाही आणि लॉगमध्ये ४१३ (मजकूर फार मोठा) दिसतो, असं असेल तर बाइट मोजा. एन्क्रिप्शननंतर ४०९६ बाइटची हमी असते, म्हणजे मूळ मजकुराला ३९९३. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट घेतं. ‘शिवाजी मंदिर’ एवढ्या दोन शब्दांचे ३४ बाइट होतात. त्यात पीएचपी आणि पायथन जेसन बनवताना नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक चिन्हाचं ६ अक्षरी एस्केप (सांकेतिक रूप) करतात, मग तेच ६७ होतात. ते एस्केपिंग बंद करा. फोनवर लांब मजकूर कापलाही जातो, म्हणून महत्त्वाचा शब्द आधी: ‘रद्द: आज दु. ४, शिवाजी मंदिर’.

आयफोन

आयओएस १६.४पासून, म्हणजे मार्च २०२३पासून, वेब पुश चालतो, पण साइट होम स्क्रीनवर ठेवली असेल तरच. मॅनिफेस्टमध्ये (साइटचं नाव, आयकॉन वगैरे सांगणाऱ्या फाइलमध्ये) डिस्प्ले ‘स्टँडअलोन’ ठेवा आणि लक्षात असू द्या, परवानगी बटण दाबल्यावरच मागता येते. आयकॉन काढला की सबस्क्रिप्शनही गेलं. आयफोनवाल्यांना हे दोन चित्रांत दाखवून द्या, त्यांना ते आपणहून सापडत नाही.

बटणाची गोष्ट सगळ्यांनाच लागू आहे. पान उघडताच परवानगी मागणं फायरफॉक्सने जानेवारी २०२०मध्ये बंद पाडलं, आणि क्रोममध्ये वाचकाने ती विनंती तीनदा बंद केली की आठवडाभर पुन्हा विचारताच येत नाही. ‘प्रयोग रद्द झाला तर मला कळवा’ असं साधं बटण वेळापत्रकाखाली ठेवा. असं मागून घेतलेलं सबस्क्रिप्शन लोक सहसा टिकवतात.

डोमेन बदलताना

सबस्क्रिप्शन ओरिजिनला, म्हणजे साइटच्या नेमक्या पत्त्याला, बांधलेलं असतं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला पत्ता आणि नसलेला पत्ता ही ब्राउझरच्या दृष्टीने दोन वेगळी घरं, मग नवं डोमेन तर सोडाच. ही यादी नव्या पत्त्यावर नेता येत नाही. त्यामुळे जुनं डोमेन लगेच सोडू नका. त्यावरची वर्करची फाइल जागच्या जागी राहू द्या, तिला रीडायरेक्ट (आपोआप दुसऱ्या पत्त्यावर वळवणं) लावू नका. रीडायरेक्ट होऊन आलेली फाइल ब्राउझर वर्कर म्हणून स्वीकारत नाही. जुन्या कीनेच काही दिवस सूचना पाठवत राहा, त्यांचे दुवे नव्या साइटवर जाऊ द्या आणि नव्या पानावर तेच बटण ठेवा. नव्या साइटवर सबस्क्रिप्शन झालं की त्या माणसाची जुनी नोंद काढा, नाहीतर त्याला प्रत्येक सूचना दोनदा जाईल.